नावापुरता मालक

दि. ९, मंगळवार, दुपार

लाडक्या चिमणे,

तुला, पिल्लूला आणि जावईबापूंना पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही आजी-नातू ठीक आहोत. माझा गुडघा नेहमीसारखाच. तो आता घरातलाच झालाय, त्याची वेगळी खुशाली कळवत नाही. पिल्लूचा पुढचा दात पडला म्हणालीस. डोळे मिटले की त्याचं बोळकं दिसतं आणि एकटीच हसत बसते. शेजारीण म्हणते, म्हातारे, भिंतीशी काय हसतेस! तिला म्हटलं, भिंत उलट बोलत नाही, म्हणून तिच्याशी पटतं.

माझ्या अक्षराकडे बघू नकोस. कोंबडी शाईत पाय बुडवून चालली तर असंच दिसेल. मी शाळेत गेले तेवढी गेले, धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी बसले. पण फोनवर मला धड बोलता येत नाही. तुझ्या मागे जावईबापूंचा घसा खाकरलेला ऐकू येतो आणि मी जे बोलायचं ते गिळून पावसापाण्याचं विचारते. म्हणून लिहिते. तू परवा माझ्याकडे जे मागितलंस त्याचं उत्तर ह्या पत्रात आहे. पण मला माझ्या चालीनं येऊ दे तिथवर. सरळ रस्त्यानं मी आजवर कुठे पोचलेय?

आधी आनंदाची बातमी. काल तुझा दादा जेवताना म्हणाला, "आजी, मीठ जास्त झालंय."

तू म्हणशील, ह्यात कसला आनंद? अगं, सैन्यातून परत आल्यापासून पोरगं ताटात पडेल ते खात होतं. कच्चं वाढ, करपलेलं वाढ, मान खाली घालून संपवायचा. एकदा मी मीठ घालायलाच विसरले, तेही मुकाट्यानं खाल्लं. आणि काल म्हणाला, मीठ जास्त झालंय! मी इतकी खूश झाले की त्याच्यावरच ओरडले, "मग स्वतः कर की स्वयंपाक, लाटसाहेब!" तर म्हणाला, "करीन, पण मग तुला बोलायला काय उरेल?" चिमणे, तो मला टोमणा मारत होता. आपला दादा. मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडून घेतलं, आणि भांडं पाडल्याचा आवाज केला, म्हणजे त्याला कळायला नको.

ही बातमी तुला सांगताना मला थोडी लाजही वाटतेय. का, ते पुढे येईलच.

तो परत आला तेव्हाचे दिवस तुला आठवतात. डाव्या कानानं ऐकू येईना, हाताला कंप, खोलीचं दार लोटलेलं. सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी जागा असतात, मेळावे भरतात, सगळं होतं, पण जायला माणूस उठायला तर हवा! तू रडत म्हणायचीस, आजी, हा असाच भिंतीकडे तोंड करून संपेल. आणि मग तूच तोड काढलीस. सरकारी दवाखान्याच्या चादरी धुवायचं कंत्राट सैनिकांसाठी राखीव निघालं होतं. जावईबापूंचं धुलाईघर होतंच. धंदा त्यांचा, नाव दादाचं. तू खाटेच्या कडेला बसून त्याचे पाय धरून म्हणालीस, "दादा, तू फक्त सही कर. बाकी सगळं हे बघतील. तुला नुसतं तिथं बसायचंय." मी दारात उभी होते. मला वाटलं, किती गुणाची ग माझी नात, भावासाठी नवऱ्याच्या धंद्यात खुर्ची मांडतेय. मला अजूनही तसंच वाटतं. तू वाईट मनानं केलं नाहीस. हे मी कुणाहीपुढे सांगेन.

आणि किती छान सुरू झालं होतं! सकाळी उठून दाढी. इस्त्रीचा शर्ट. धुलाईघराच्या दारावर पाटी, पाटीवर त्याचं नाव, खाली "माजी सैनिक". मी तर रिक्षा करून नुसती पाटी बघायला गेले होते. बॉयलरची वाफ, ओल्या कापडाचा वास, बायका दोन-दोन जणी मिळून चादरी ताणून घड्या घालतायत, आणि पुढच्या खोलीत माझा नातू, काळ्या गुबगुबीत खुर्चीत. परत येताना रिक्षावाल्याला मी सगळं सांगितलं. बिचाऱ्यानं काहीच विचारलं नव्हतं.

तरी त्या खुर्चीत काहीतरी खटकलं होतं मला. टेबल रिकामं होतं, चिमणे. जावईबापूंच्या टेबलावर पावत्या, किल्ल्या, दोन फोन, अर्धा प्यायलेला चहा. दादाच्या टेबलावर एक पेन. एक बाई रजा मागायला आली तर दादा म्हणाला, "त्यांना विचारा." दुसरी साबण संपला म्हणत आली, "त्यांना विचारा." मला वाटलं, मालक लोक असंच बोलत असतील. मी कुठे मालक पाहिलेत?

मग हळूहळू तो पुन्हा गप्प झाला. आधी दमून गप्प असायचा, हे वेगळंच. एक दिवस बूट काढता काढता हसून म्हणाला, "आजी, मला तिथं काय म्हणतात माहितीये? फोटोसाहेब."

"म्हणजे देखणा म्हणून?"

"नाही ग. खुर्चीत लावलेला फोटो. खिळा तेवढा ठोकायचा राहिलाय."

मी हसले. देवाशपथ हसले, कारण तो हसत होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि ते वाळवायच्या मशीनचं तुझ्या कानावर आलं की नाही कोण जाणे. मशीन खडखडत होती. हा सैन्यात ट्रकांचा मिस्त्री, ह्याला राहवेना. मागे गेला, बाह्या वर केल्या, पट्टा सैल झालेला तो बसवून दिला. बायका म्हणे टाळ्या वाजवत होत्या. तेवढ्यात जावईबापू आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्हाला सांगितलंय ना मागे यायचं नाही? मालकानं ग्रीसमध्ये हात घालायचे असतात का? कुणी तपासायला आलं तर काय दिसेल?" अगं, काय दिसेल? मालक काम करताना दिसेल! पण जावईबापूंना ती भीती नव्हती. एकदा मशीनला हात लावला की उद्या हा हिशेबाला हात लावेल, कामाला कुणाकुणाची माणसं घेतली ते विचारेल, ही भीती. दादानं हात पुसले आणि खुर्चीत जाऊन बसला. हे त्यानं मला सांगितलेलं नाही. घडी घालणारी एक बाई आपल्या गल्लीच्या टोकाला राहते, तिनं सांगितलं.

तुला मी सांगितलं नाही. तुझं घर सुखात चाललंय, पिल्लूची शाळा नवी, आणि म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची.

मध्येच उठून दूध बघून आले. उतू गेलंच. असो.

आता त्या बाईचं. तू फोनवर तिला "ती हेर" म्हणालीस. अगं, हेर कसली, निळी सरकारी गाडी घेऊन गल्लोगल्ली फिरते, गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. जे सैनिक कुठल्या कचेरीत जात नाहीत, मेळाव्याला जात नाहीत, त्यांच्या दारात जाऊन विचारायचं की बाबांनो, तुमच्यासाठी ह्या नोकऱ्या आहेत, ही कामं आहेत, तुम्हाला माहीत आहे का? तेवढंच तिचं काम. स्वतःही सैन्यातली. केस बारीक कापलेले, आवाज पहाडी. जिना चढून आली तर मीच म्हटलं, बसा, चहा घ्या. घरात पाहुणा येऊन किती दिवस झाले होते! मला बोलायला माणूस मिळालं, आणि माझं तुला माहीतच आहे, नळ उघडला की टाकी रिकामी होईपर्यंत.

तिनं विचारलं, नातू काय करतो?

मी म्हटलं, "मालक आहे मालक! चादरींचं कंत्राट आहे त्याच्या नावावर."

"वा! मग फार राबावं लागत असेल."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, हिला वाटेल आम्ही आजारी पोराला राबवतो. म्हणून मी छाती फुगवून म्हणाले, "छे हो! काडी उचलू देत नाहीत त्याला. माझे नातजावई सगळं करतात. ह्यानं नुसतं बसायचं."

"सह्या तरी करत असतील?"

"समोर ठेवतील त्याच्यावर करतो की! फार विश्वास एकमेकांवर."

"आणि बँकेत?"

"तिथंही नातजावईच. एवढे चांगले आहेत, ह्याला बँकेचा जिनासुद्धा चढावा लागत नाही."

चिमणे, मी जावईबापूंची स्तुती करत होते. तुझ्या नवऱ्याचं इतकं कौतुक मी कधी कुणापुढे केलं नसेल. आणि जसजशी मी कौतुक करत होते तसतशी ती बाई कपातला चहा बघत बसली होती. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आजी, हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण ऐकलंय."

मला काही कळेना. मग तिनं मला समजेल असं सांगितलं. ही कामं राखून ठेवतात ती सैनिकानं स्वतः धंदा चालवावा म्हणून. नाव सैनिकाचं आणि कारभार दुसऱ्याचा, तर ती फसवणूक. कंत्राट जातं, चौकशी होते, आणि ज्याच्या नावावर आहे तोही अडकतो. पण जो आपल्या पायांनी येऊन खरं सांगतो, त्याचं ऐकून घेतात. तिला वर कळवावं लागणारच होतं. ती म्हणाली, चार दिवसांनी कळवते, तोवर तुम्ही घरातले बोला.

एवढ्यात माझं लक्ष गेलं, दादा दारात उभा होता. चांगला कान आमच्याकडे होता. किती वेळ उभा होता म्हणून मी नंतर विचारलं. म्हणाला, "चहा गाळलास तेव्हापासून."

म्हणजे सगळं ऐकत होता. मला एक हाक मारली असती, आजी जरा आत ये, तर मी थांबले असते. त्यानं मारली नाही. हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय.

दादानं तिला एकच विचारलं, "हे काम आणखी कुणी मागितलं होतं?" तिनं सांगितलं, दोघं माजी सैनिक, भाड्याच्या शेडमध्ये छोटं धुलाईघर चालवतात. एकाचा डोळा गेलेला, पूर्वी रणगाडा चालवायचा. दादा दाराशीच खाली बसला. "काण्या," म्हणाला. ओळखत होता ग तो त्याला. बर्फात एका तंबूत राहिलेले दोघं. काण्याची शेड आता बंद पडायला आलीय.

दादानं फोनवर कळवलं, आणि त्याच संध्याकाळी जावईबापू आले. ते किती बोलले ते मी लिहीत नाही. माणूस घाबरला की बोलतो. त्यांनी धंदा घाम गाळून उभा केलाय, पहाटे बॉयलर पेटवायला स्वतः जातात, हे मला माहीत आहे. पण जाताना जिन्यात उभं राहून ते जे म्हणाले ते मी विसरू शकत नाही. "आजींचं वय झालंय. काय बोलतात त्यांचं त्यांना कळत नाही, असं म्हणता येईल."

आणि परवा तुझा फोन. तू ते जरा गोड करून सांगितलंस. म्हणालीस, "आजी, गुरुवारी हे एका ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन येतील. ते काहीबाही विचारतील, आज वार कोणता, तुमचं नाव काय. तू थोडं चुकीचं सांग. तुला विसर पडतो असं त्यांनी लिहून दिलं की त्या बाईपुढे तू जे बोललीस ते मोडीत निघेल. कुणाचं काही बिघडत नाही, आजी. तुला कोण काय करणार आहे?"

बाळे, मी रागावले नाही. तुझा आवाज कापत होता. मी "बरं बघू" म्हटलं आणि पावसापाण्याचं विचारलं.

मग मी खरंच विचार केला. म्हटलं, म्हातारीच्या डोक्याची किंमत ती काय! वार चुकवायचा, गुरुवारला रविवार म्हणायचं. नातीचा संसार वाचत असेल तर मी माझं नावही दुसरंच सांगेन. आरशासमोर उभी राहून मी करून पाहिलं. तोंड उघडं टाकलं, डोळे भिरभिरवले. चांगलं जमत होतं ग मला, नाटकात घेतली असती.

काल सकाळी दादाला सांगितलं. म्हटलं, मी गुरुवारी वेडी होतेय, तू मध्ये पडू नकोस. तुम्ही दोघं सुटाल.

त्यानं मला हाताला धरून खाली बसवलं. मग म्हणाला, "आजी, तुझ्यावर नाही भागलं तर पुढची पाळी माझी. म्हणतील, लढाईतून आल्यापासून ह्याचंही डोकं फिरलंय. आणि ते लोकांना पटकन पटेल. मला स्वतःलाच कितीदा पटलंय."

चिमणे, हे वाक्य तू परत वाच. मी लिहितानाच तीनदा थांबलेय. तुझ्या भावानं दार लोटून जे दिवस काढले, त्यात तो हाच विचार करत होता. आणि आपण त्याला बाहेर काढून बसवलं कुठे, तर जिथं लोक त्याला फोटो म्हणतात.

मग तो उठला. पदकं लावायची म्हणून जावईबापूंनी शिवून दिलेला तो कोट तसाच खुंटीवर राहू दिला. साधा शर्ट घातला आणि त्या बाईच्या कचेरीत गेला. एकटा. सगळं सांगून आला. सही आपली, खुर्ची आपली, काम आपलं नाही. कुणी फसवलं असं म्हणाला नाही. म्हणाला, "मला माहीत होतं. मी गप्प बसलो." तुझं नाव त्यानं घेतलं नाही. जावईबापूंचं घ्यावं लागलं, पाटीमागे कोण ते त्यांनी विचारलंच.

हे तुला माझ्याकडून आधी कळावं, म्हणून हे पत्र शेजारणीच्या मुलीबरोबर हातोहात पाठवतेय, ती तुमच्याच बाजूला कामाला येते.

तिथून परत आल्यावर तो जेवायला बसला आणि मीठ जास्त झालंय म्हणाला. म्हणून मला आनंद झाला आणि म्हणूनच लाज वाटते. तुझ्या घरावर दगड पडायच्या दिवशी मी मिठावरून खूश होतेय. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला बोल लावू?

पुढे काय होईल ते मला नाही माहीत. कंत्राट जाईल असं दादा म्हणतो. दंड होईल. सरकारी गाड्यांच्या कारखान्यात माजी सैनिक मिस्त्री हवेत, ती बाई त्याचं नाव घालणार होती, पण चौकशी संपेपर्यंत तेही अडलं. आणि संपल्यावर घेतील का, तेही ती सांगू शकली नाही. म्हणजे आज त्याच्याकडे मालकाची खुर्चीही नाही आणि मिस्त्रीचा पानाही नाही. मी तुला गोड चित्र काढून दाखवत नाही.

तर तुझ्या मागण्याचं उत्तर. नाही. गुरुवारी डॉक्टर आले तर मी त्यांना चहा देईन, वार विचारला तर गुरुवार सांगेन, नाव विचारलं तर माझंच सांगेन. मी वेडी ठरले तर दादा खोटा ठरतो, आणि तो आत्ता कुठे खरा उभा राहिलाय.

पण चौकशीत मला बोलावलं तर मी दुसरंही सांगेन. जावईबापूंनी काम चोख केलं, दवाखान्यात एक चादर कधी मळकी गेली नाही, बायकांचा पगार कधी चुकवला नाही. तेही खरंच आहे. आणि भावाला खोलीबाहेर काढायला माझी नात त्याच्या पाया पडली होती, तेही सांगेन. ज्यांना ऐकायचं त्यांनी सगळंच ऐकावं.

तू दादाशी बोल, ग. माझ्यामार्फत नको, त्याच्याशी. तो तुझ्या फोनची वाट बघतोय असं म्हणत नाही, पण काल दोनदा फोन उचलून रिंग वाजते का ते तपासून ठेवला. जावईबापू रागावतील. तुला दोन दिवस तिथं जड गेलं तर पिल्लूला घेऊन सरळ इकडे ये, विचारायला थांबू नकोस. आणि नाहीच आलीस, नाहीच बोललीस, तरी मी समजेन. नवरा एकीकडे आणि भाऊ एकीकडे, ह्या जात्यात तू भरडतेयस, आणि खुंटा थोडा माझ्याही हातात आहे.

डॉक्टरांना मात्र आणू नकोस. मला माझ्याच घरात, तुझ्यासमोर, तुझं नाव विसरल्याचं सोंग करायला लावू नकोस. तेवढं माझ्यानं होणार नाही.

सगळं आठवणारी,
तुझी आजी